वाल सोलायची पाळी

हेमंतशी माझं शेवटचं नीट बोलणं झालं ते भांडणाचं होतं, आणि तेही एका कार्टूनवरून. ‘कार्टून’ हा शब्द त्याला सहन होत नसे, म्हणून मी तो मुद्दाम वापरायचे. मार्चमधला सोमवार होता. त्या पहाटे परदेशातल्या सगळ्यात मोठ्या सिनेमा-पुरस्कारांचा सोहळा झाला होता आणि हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्याने तो मोबाइलवर पाहिला होता. मी डबा घेऊन खोलीत शिरले तर नमस्कार-चमत्कार काही नाही. नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणाला, “चुकीच्या सिनेमाला दिलं.”

“आधी नळी लाव.”

“लावतो. पण चुकीच्या सिनेमाला दिलं, वहिनी.”

“बरोबर सिनेमाला दिलं. तुझ्या सिनेमाला दिलं.”

“तो माझा नाही गं…” म्हणाला आणि पुढचं खोकल्यात गेलं. नर्स आली, मला रागावली, पेशंटला बोलायला लावू नका म्हणाली. ती गेल्यावर त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. थोड्या वेळाने तसाच डोळे मिटून म्हणाला, “वाल भिजवलेस ना? ठेव. घरी आलो की मी सोलतो.” त्याच आठवड्यात तो गेला. घरी आला तो अँब्युलन्समधून, तासाभरासाठी.

हेमंत माझा धाकटा दीर. व्यवसायाने अ‍ॅनिमेटर, म्हणजे सिनेमातल्या चित्रांना चालवणारा, बसवणारा, रडवणारा माणूस. पनवेलजवळ सुकापूरला आमचे समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. एकात मी आणि माझा नवरा अविनाश, दुसऱ्यात हेमंत आणि माझ्या सासूबाई. दोन्ही दारं दिवसभर उघडी असायची, त्यामुळे घर एकच होतं. त्याने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि इतरांनी विचारलं तर विषय बदलायचे. मी न्यू पनवेलला रक्त-लघवी तपासणीचं छोटं केंद्र चालवते. रोज सकाळी लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधणं हे माझं काम. सिनेमा हा माझा प्रांत नाही. तरी आमच्या घरात वर्षातून एकदा, पुरस्कारांच्या आधीचा आठवडाभर, सिनेमावरून जे रण पेटायचं त्यात एका बाजूला हेमंत असायचा आणि दुसऱ्या बाजूला मी.

याचा नियम ठरलेला होता. अ‍ॅनिमेशनच्या विभागात जे सिनेमे पुरस्काराच्या यादीत आले असतील त्यांतला एक त्याने निवडायचा, एक मी. निकालाच्या सोमवारी दुपारी वालाचं बिरडं ठरलेलं. ज्याचा सिनेमा पडेल त्याने घरभराचे वाल सोलायचे. आमच्याकडे वाल कोणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलावा लागतो. अंगठ्याने दाबला की साल हातात राहते आणि दाणा पातेल्यात उडी मारतो. चार माणसांचं बिरडं म्हणजे पाठीला रग. हेमंत बहुतेक दरवर्षी हरायचा. कारण सरळ होतं. मी जिंकणारा सिनेमा निवडायचे आणि तो जिंकायला हवा असा. “वहिनी, हे चीटिंग आहे. तू लोकांना काय आवडेल ते बघतेस,” तो पातेल्यावर वाकून म्हणायचा. मी म्हणायचे, “सिनेमा लोकांसाठीच काढतात ना? का तुझ्यासाठी काढतात? ते टरफल आत पडलंय, काढ.”

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो नववीत होता. तेव्हा आम्ही पनवेल गावात भाड्याच्या खोल्यांत राहायचो. पहिल्या आठवड्यातच तो फिजिक्सची वही घेऊन माझ्याकडे आला. वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याने एक माणूस काढला होता आणि अंगठ्याने पानं फरफर सोडली की तो माणूस खांद्यावर गोणी घेऊन शिडी चढायचा. नव्या वहिनीने ‘अय्या, किती छान’ म्हणावं अशी त्याची अपेक्षा असणार. मी विचारलं, “गोणीत काय आहे?” म्हणाला, “सिमेंट.” मी म्हटलं, “वाटत नाही. कापूस वाटतो. सिमेंटची गोणी घेतलेला माणूस असा ताठ चढेल का?” माझ्या माहेरी बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं, गोण्या चढवणारी माणसं मी लहानपणापासून बघत होते, म्हणून बोलून गेले. पोरगं वही घेऊन निघून गेलं. चार दिवसांनी दुसरी वही आणली. तोच माणूस, पण आता गुडघे वाकलेले, प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबणारा, वर पोचल्यावर गोणी टाकून कमरेवर हात ठेवणारा. मी म्हटलं, “हां. हे सिमेंट.” पुढे आयुष्यभर हा किस्सा तो येईल त्याला सांगायचा. ‘ही माझी पहिली सुपरवायझर’ अशी माझी ओळख करून द्यायचा. मला त्यात कौतुक वाटण्यासारखं काही दिसलं नाही, पण एक खरं, की त्या दिवसापासून त्याला वजनाचं वेड लागलं. कुठलाही सिनेमा बघताना तो गोष्ट बघायचाच नाही. माणूस खुर्चीतून उठताना आधी पुढे झुकतो की नाही, भरलेली बादली उचलली की दुसरा हात हवेत जातो की नाही, ते बघायचा. गेला नाही की “पोकळ आहे” म्हणून शेरा मारायचा.

शिकून तो नवी मुंबईत, महापेच्या एका कंपनीत लागला. परदेशातल्या मोठमोठ्या सिनेमांचं काम तुकड्यातुकड्यांनी तिथे यायचं. एकेका तुकड्याला ते शॉट म्हणतात. काही सेकंदांच्या एका शॉटवर तो कितीतरी दिवस घालवायचा. तिकडून सूचना यायच्या, तो दुरुस्त करायचा, परत सूचना यायच्या. “काम कसं चाललंय?” विचारलं तर म्हणायचा, “आजी अजून उभीच राहत नाहीये.” ही आजी म्हणजे त्याच सिनेमातली, ज्याला या वर्षी पुरस्कार मिळाला. डोंगरातल्या गावात बेकरी चालवणारी एक गोल गरगरीत म्हातारी. एका शॉटमध्ये ती उकळत्या पाकाचं मोठं भांडं चुलीवरून उतरवून जमिनीवर ठेवते. एवढंच. त्यासाठी त्याने माझा व्हिडिओ काढला होता. रविवारी सकाळी मी पाण्याने भरलेलं पातेलं उचलून ठेवतेय, आणि हा खाली बसून मोबाइल धरून ओरडतोय, “परत! वहिनी, नैसर्गिक कर.” मी म्हटलं, “नैसर्गिक पाहिजे तर तू उचल, मी शूटिंग करते.” पातेलं ठेवल्यावर मी बोटं झटकली. काठाची रग लागते, झटकणारच. तो उडालाच. “हेच! हेच पाहिजे होतं!” मग दहा-बारा दिवस त्या आजीने पातेलं ठेवून बोटं झटकली. शेवटी तिकडून सूचना आली, बोटं झटकणं नको, पात्र प्रसन्न दिसायला हवं, भांडं ठेवून तिने हसावं.

हे तो मला सांगत होता तेव्हा जेवत होता, आणि जेवता जेवता थांबला. “एवढं जड ठेवल्यावर कोणी हसतं का, वहिनी?”

“पैसे देतात ते. हसव म्हणाले तर हसव.”

“हसवली,” तो म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा मी अख्ख्या बिल्डिंगला मल्टिप्लेक्सला नेलं. हेमंत नको नको म्हणत होता. मी ऐकणाऱ्यातली नाही. सासूबाईंना मधल्या वाटेलगतची सीट, पोरांना पॉपकॉर्न, सगळं व्यवस्थित. पोरं खदाखदा हसली, शेवटी रडली, आजीच्या शॉटला मी सासूबाईंच्या मांडीला कोपर मारून सांगितलं, “हे, हे हेमंतचं.” तो शॉट त्यांनी पाहिला की नाही कोण जाणे, चष्मा पुसत होत्या. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. मी कोणाला उठू दिलं नाही. नावं येऊ द्या म्हटलं. नावं येत राहिली, येतच राहिली. झाडूवाल्या बायका दोन्ही बाजूंनी येऊन उभ्या राहिल्या. म्हात्रे, आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, मोबाइल उंच धरून उभे होते, नाव आलं की फोटो काढायला. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, महापेच्या त्याच्या कंपनीचं नाव आलं. खाली नावं नव्हती. पडदा काळा झाला. म्हात्रे म्हणाले, “मिस झालं वाटतं.” हेमंत सासूबाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवत होता. त्याला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच नको म्हणत होता.

घरी आल्यावर आई, म्हणजे सासूबाई, एवढंच म्हणाल्या, “एवढ्या लोकांची नावं मावली, याचं एक मावलं नाही?”

जानेवारीत मला त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. मी म्हटलं, हात पुढे कर. त्याचं रक्त मी घेतलं, रिपोर्टही आधी मीच पाहिला. या कामात इतकी वर्षं गेली की आकडे बघितल्यावर पुढचं बहुतेक कळतं. त्या दिवशी केंद्रावर पेशंटची रांग होती, ती संपवली, मग अविनाशला फोन केला. पुढच्या तपासण्या, स्कॅन, स्वादुपिंडाचा कॅन्सर, ‘उशीर झालाय’ हे डॉक्टरांचं वाक्य… ते सगळं इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्याकडे झालं नाही त्यांना ते कळू नये.

पुरस्कारांची नावं जाहीर झाली तेव्हा तो घरीच होता. बेकरीवाल्या आजीचा सिनेमा यादीत होता. मी लगेच म्हटलं, “यंदा मी हाच घेणार.” मला वाटलं, या वर्षी तरी तोही हाच घेईल आणि दोघांपैकी कोणालाच वाल सोलावे लागणार नाहीत. त्याने दुसराच घेतला. कुठल्याशा लहान देशातल्या मूठभर लोकांनी हाताने काढलेला सिनेमा. पनवेलला तो लागायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या कामातल्या कुणा मित्राकडून त्याने तो मिळवला होता.

“तुझ्या स्वतःच्या कामाच्या विरुद्ध जातोस?” मी विचारलं.

“कामाच्या बाजूनेच जातोय.”

“हेमंत, तुझं नाव नाही त्यात. नाही तर नाही. पण त्याला बक्षीस मिळालं तर निदान म्हणता तरी येईल, की ज्याला मिळालं त्यात तुझं काम आहे. दुसऱ्याला मिळालं तर तुझ्याकडे काय राहिलं?”

तो म्हणाला, “चांगलं कशाला म्हणतात ते मला कळतं, एवढं राहिलं. तेवढं राहू दे ना.”

आमच्या वादाचं मूळ हेच होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या हातून काय झालं हे जगाने पाहावं, असं मला वाटत होतं. त्याने काय ओळखलं हे एका तरी माणसाने मान्य करावं, असं त्याला वाटत होतं. तो माणूस मी असावं असंही असेल. तसं त्याने कधी म्हटलं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्याने मला तो दुसरा सिनेमा दाखवायला घेतला. पलंगाला टेकवलेला टॅब, माझ्या मांडीवर त्याच्या उसाच्या रसाचा ग्लास. एक म्हातारा-म्हातारी आहेत, ती आयुष्यभर घरं बदलत असतात आणि प्रत्येक घरात एक जुनं लाकडी कपाट ओढत नेतात. बोलणं जवळजवळ नाहीच. “बघ, बघ, आता बघ,” तो मला कोपर मारत होता. तिच्या बाजूने कपाट कलतं तेव्हा म्हातारा आपला पाय कसा आडवा घालतो ते त्याने मला तीनदा दाखवलं. कपाट एका जिन्याच्या वळणावर अडकलं तिथे तो थकला. घाम आला होता. म्हणाला, “उरलेला घरी बघू. शेवट सांगत नाही.” मी टॅब बंद केला.

मग तो सोमवार आला, त्याचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हात्रे आले. नाक्यावर बॅनर लावायचं होतं. आमच्याकडे माणूस गेला की नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागतो, त्यात चुकायची पद्धत नाही. म्हात्र्यांनी मोबाइलवर डिझाइन करूनच आणलं होतं. हेमंतचा हसरा फोटो, मागे ढग, पणती, आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘जागतिक पुरस्कार विजेते’.

“कडक वाटतंय ना वहिनी? आख्ख्या सुकापूरला कळलं पाहिजे आपला माणूस कोण होता.”

“म्हात्रे, विजेता तो नाही. सिनेमा आहे.”

“अहो, एकच ना ते. कोण बघायला जातंय?”

आतून आई म्हणाल्या, “लिहू दे गं त्यांना. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझ्या लेकाचं नाव आलं नाही, इथे तरी येऊ दे.”

अविनाश खिडकीबाहेर बघत राहिला. एरवी मी आईंना सरळ नाही म्हणते, त्या दिवशी सांभाळून बोलले. मी म्हटलं, “नाव मोठं येऊ दे आई, पाहिजे तेवढं मोठं. पुरस्काराची ओळ नको.”

“तूच म्हणत होतीस ना, बक्षीस बरोबर मिळालं म्हणून?”

“म्हणत होते. आजही म्हणते. पण तो म्हणत नव्हता, आणि बॅनर त्याचं आहे.”

आई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हात्र्यांनी सोनेरी ओळ काढली, पणती ठेवली, फोटोखाली मोठ्या अक्षरांत ‘हेमंत’ आणि त्याखाली ‘अ‍ॅनिमेटर’. तिसऱ्या दिवशी आई स्वतःहून म्हणाल्या, मला नाक्यावर ने. रिक्षाने नेलं. फ्लेक्स उंच बांधला होता, त्या मान वर करून बराच वेळ उभ्या राहिल्या. शेजारी पानाच्या टपरीवरचा माणूस कोणाला तरी विचारत होता, “अ‍ॅनिमेटर म्हणजे काय रे?” आईंनी ऐकलं. म्हणाल्या, “चित्रांत जीव घालायचा माझा मुलगा.” मग माझ्याकडे वळून, “नाव मोठं आहे. बरं झालं.” परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. मीही काढून घेतला नाही.

गेल्या आठवड्यात पनवेलच्या बाजारात गेले होते. नेरे गावची एक बाई तिथे मोडाचे वाल घेऊन बसते. हेमंत तिच्याकडूनच घ्यायचा, घ्यायचा कसला, तासभर तिच्यासमोर उभा राहून ती पाटी डोक्यावरून कशी उतरवते त्याचे व्हिडिओ काढायचा. मला बघून म्हणाली, “ताय, किती दिसांनी! फोटोवाला भाऊ नाय आला?”

मी सांगितलं. तिने हातातलं माप खाली ठेवलं. “तुमी कायतरीच सांगताव,” म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. हळूच म्हणाली, “मंग आता वाल कोन सोलनार?”

त्याने तिला आमच्या पैजेचं सांगितलं असणार. तो कोणालाही काहीही सांगायचा. मी भेंडी घेतली आणि घरी आले.

त्या दुपारी मी उरलेला सिनेमा पाहिला. त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीत बसून, दार लावून, मोबाइल बंद करून. कपाट जिन्यात अडकलेलं असतं तिथून पुढे. ते काही केल्या निघत नाही. तेवढ्यात म्हातारी आजारी पडते आणि जाते. म्हातारा एकटा कपाटाला खांदा लावून बघतो, परत बघतो, आणि मग सोडून देतो. कपाट तिथेच वळणावर राहतं. बिल्डिंगमधली माणसं कुरकुर करत नाहीत, रोज अंग चोरून त्याच्या बाजूने वर-खाली जातात. शाळेतली मुलं, दूधवाला, एक गरोदर बाई. शेवटी तर त्यांना अंग चोरायची इतकी सवय होते की त्या वळणावर आपोआप खांदा वळतो. संपला सिनेमा. नावं आली. मूठभरच होती, सगळी वाचली.

चांगला आहे. फार चांगला आहे. म्हाताऱ्याने खांदा काढून घेतला तेव्हा माझा स्वतःचा खांदा हलका झाला, हेही सांगून टाकते. पण म्हणून हेमंत बरोबर होता असं मी म्हटलेलं नाही. गेलेल्या माणसाचं सगळं म्हणणं लोक लगेच मान्य करून टाकतात. गेल्या काही आठवड्यांत मी ते खूप पाहिलं. ज्यांनी जन्मभर त्याला ‘कार्टून काढतो’ म्हणून हसण्यावारी नेलं ते आता मान डोलावतात. मला ते जमत नाही. माझा मुद्दा माझ्याकडे अजून आहे. आजीने हसायला नको होतं हे मान्य, पण ते भांडं ज्या पद्धतीने ती उतरवते, गुडघे वाकवून, कोपरं अंगाला चिकटवून, ते त्याचं आहे, आणि जगभरच्या पोरांनी ते पाहिलं आहे. यावर त्याचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं आहे. मुद्दा मांडायला समोर कोणीतरी लागतं…

त्या सोमवारचे वाल मी भिजवले होते, मोडही चांगले आले होते. ते डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवले. सालासकट. अजून तिथेच आहेत. बर्फाचा ट्रे काढायचा असला की आधी तो डबा सरकवावा लागतो. परवा अविनाशने तो हातात घेतला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, “अगं, हे किती दिवस ठेवणार? सोल तरी, नाहीतर टाक.”

मी म्हटलं, “ठेव तिथे. माझी पाळी नाही.”

त्याने झाकण लावलं आणि डबा होता तिथे ठेवला.